आधी मान बघा, मग डोकं

डॉक्टर ताई,

माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. पहिलंच बाळ, सिझेरियननं झालं. तिसऱ्या महिन्यात जावळ काढलं आणि डोक्याची मागची उजवी बाजू सपाट असल्याचं सगळ्यांच्याच डोळ्यांत भरलं. उजवा कानही किंचित पुढे आल्यासारखा वाटतो. झोपेत काय, जागेपणी काय, तो बहुतेक वेळ उजवीकडेच बघतो. सासूबाई म्हणतात, राईची उशी दिली नाही म्हणून हे झालं. मालिशवाल्या मावशी रोज टाळूवर तेल घालून डोकं दाबून गोल करायला बघतात. ह्यांचं म्हणणं, केस आले की झाकून जाईल. टेक्सासमधल्या माझ्या बहिणीच्या मुलीला पाचव्या महिन्यात डोक्याला आकार देणारं हेल्मेट लावलं होतं, ती रोज फोन करून मागे लागते. शेवटी पुण्याला एका केंद्रात जाऊन स्कॅन केला. डोक्याची असमानता ७.१ टक्के असं लिहून दिलंय आणि 'याच महिन्यात हेल्मेट लावा, नंतर हाडं पक्की होतील' असं सांगितलंय. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही दोघं गप्पच झालो. माझ्या पाटल्या मोडल्या तर जमेल. इथले डॉक्टर लस देताना एवढंच म्हणाले, 'होईल आपोआप.' मी कुणाचं ऐकू? आणि खरं सांगा, मी त्याला पहिल्या दिवसापासून पाठीवरच झोपवलं, त्यामुळे हे झालं का?

— एक आई, अकोला

पाटल्या या महिन्यात मोडू नकोस. हे सगळ्यात आधी सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझ्या पत्रात डोक्याबद्दल पुष्कळ आहे, पण माझं लक्ष गेलं ते एका वाक्याकडे: तो झोपेत आणि जागेपणी उजवीकडेच बघतो. तुझ्या घरात राईची उशी, मालिश, हेल्मेट आणि केस अशा चार बाजू पडल्या आहेत. या चौघांपैकी एकानंही बाळाच्या मानेबद्दल विचारलेलं दिसत नाही, आणि निर्णयाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

कानाच्या मागून निघून गळपट्टीच्या हाडापर्यंत जाणारा एक जाड स्नायू मानेच्या दोन्ही बाजूंना असतो. पोटात असताना जागा अपुरी पडली किंवा जन्माच्या वेळी ताण बसला, तर यातला एखादा आखडतो. डावा आखडला की डोकं किंचित डाव्या खांद्याकडे कलतं आणि हनुवटी उजवीकडे वळते. मग बाळ उजवीकडे बघतं, उजव्या बाजूवर टेकतं, ती बाजू सपाट होते. सपाट झाली की डोकं आपोआप तिथेच येऊन थांबतं. बाळ लहान, डोकं जड, मान उचलायची ताकद अजून नाही. त्यामुळे एकदा हे सुरू झालं की पहिल्या तीन-चार महिन्यांत वाढतच जातं.

घरी एक गोष्ट करून बघ. बाळाचं पोट भरलेलं आणि मन प्रसन्न असेल तेव्हा त्याला पाठीवर निजव, छातीवर एक हात अलगद ठेव म्हणजे अंग वळणार नाही, आणि खुळखुळा उजवीकडून डावीकडे हळूहळू ने. त्याची हनुवटी दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत सारखी पोचायला हवी. डावीकडे जाताना मध्येच अडकला, किंवा मान न वळवता सगळं अंगच वळवू लागला, तर मान आखडली आहे असं धरून चाल. आरशासमोर धरून डोकं एका खांद्याकडे कलतंय का तेही बघ. तुझ्या वर्णनावरून मला तीच शंका आहे. खात्री हातानं तपासणाऱ्या डॉक्टरनीच करायची.

लहान मुलांसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे याच आठवड्यात जा. अकोल्यात ठरावीक नाव माहीत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात विचार. मानेचे ताण देण्याचे व्यायाम वाचून करायचे नसतात. कोणता स्नायू, किती वेळ, हात कुठे धरायचा, हे समोर बसून शिकायचं आणि मग घरी दर लंगोट बदलताना करायचं. इतक्या लहान वयात सुरू केलं तर बहुतेक बाळांची मान काही महिन्यांत मोकळी होते. याच भेटीत खुब्याचे सांधेही तपासून घे. आखडलेल्या मानेच्या काही बाळांत खुब्याचा सांधाही नीट बसलेला नसतो, आणि ते वेळेत कळणं डोक्याच्या आकाराहून कितीतरी महत्त्वाचं आहे.

आता भीतीची गोष्ट बोलून टाकू. कवटीच्या हाडांमधले सांधे अकाली जुळून डोकं वाकडं होण्याचा एक वेगळा आजार आहे. साधारण दोन-अडीच हजार जन्मांत एका बाळाला होतो आणि त्याला शस्त्रक्रिया लागते, तीही लवकर. त्यात व्यायामाचा किंवा हेल्मेटचा एकट्यानं उपयोग नाही. पण तू लिहिलंस की सपाट बाजूचा कान पुढे आलाय, आणि हे दिलासा देणारं लक्षण आहे. टेकून टेकून सपाट झालेल्या डोक्यात त्या बाजूचा कान पुढे ढकलला जातो, त्याच बाजूचं कपाळही थोडं पुढे येतं. वरून पाहिलं तर चौकोन एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो. मागचा सांधा जुळून आलेल्या डोक्यात कान बहुधा मागे आणि खाली ओढला जातो, आणि बोटांना हाडावर कडक उंचवटा लागतो. डॉक्टरांकडून हा उंचवटा, टाळू आणि डोक्याचा घेर तिन्ही बघून घे. अनुभवी हाताला बहुतेक वेळा यासाठी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागत नाही. शंका राहिलीच, तर मात्र मुलांच्या न्यूरोसर्जनकडे जायला एक दिवसही लावू नकोस. टाळू फुगलेली वाटली, घेर वाढायचा थांबला, डोळे सारखे खाली वळलेले दिसले किंवा कारण नसताना उलट्या सुरू झाल्या, तरीही तेच.

'हाडं पक्की होतील' या वाक्यानं तुझी झोप उडाली असणार. त्यातलं खरं किती ते बघू. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षाच्या शेवटी ४६-४७च्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला दोन सेंटीमीटरनं वाढतो, नंतरच्या तीन महिन्यांत एक-एकनं, आणि सहा ते बारा महिन्यांत अर्ध्या-अर्ध्यानं. म्हणजे वाढीचा वेग मंदावतो हे बरोबर. पण सहाव्या महिन्यानंतरही सुमारे तीन सेंटीमीटर वाढ शिल्लक असते आणि पुढची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत उघडी असते. दार याच महिन्यात बंद होत नाही. बाळ पाच-सहा महिन्यांचं असताना निर्णय घेणं चांगलं, एवढाच त्याचा अर्थ. तुझ्या हातात सहा आठवडे आहेत, आणि ते वाट बघण्यात घालवायचे नाहीत.

मानेच्या व्यायामाच्या जोडीला या सहा आठवड्यांत त्याच्या डोक्याचा भार उजवीकडून काढायचा. झोपताना तो पाठीवरच झोपेल, यात बदल नाही. पण त्याचं डोकं पलंगाच्या कोणत्या टोकाला ठेवतेस ते बदलत जा. तू त्याच्या उजवीकडे झोपत असशील तर डावीकडे ये. बाळ आईकडे, खिडकीकडे, दाराकडे वळतं. जे बघावंसं वाटतं ते सगळं डाव्या अंगाला आण. बाटली देत असशील तर हात बदलून दे. अंगावर पाजताना बाजू बदलतेच, त्याचा इथे आपोआप फायदा होतो. कापडाच्या झोळीत लांबवर झोपवू नकोस. तिच्यात डोकं एका जागी खोलगट बसतं आणि हनुवटी छातीवर येऊन श्वासालाही अडचण होऊ शकते. दुपट्यात घट्ट बांधून ठेवणंही आता बंद कर. या वयात बाळ पालथं पडायला बघतं, हात मोकळे हवेत.

जागेपणी मात्र जास्तीत जास्त वेळ त्याला पालथं घाल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली, स्वतःहून हलू न शकणाऱ्या बाळांना जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर ठेवावं असं सांगितलं. सलग नाही, तीन-चार मिनिटं करत करत, आणि दूध पाजल्यावर लगेच नाही. रडला तर तुझ्या छातीवर घे, नाहीतर छातीखाली टॉवेलची छोटी गुंडाळी दे आणि समोर स्वतः लोळून बोल. आणि इथे मालिशवाल्या मावशींचं मोल आहे. पाय पसरून, पायांवर बाळाला पालथं घालून त्या पाठ चोळतात ना? हेच ते पोटावरचे व्यायाम. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या ते होत आलेत. त्यांना सांग, मावशी, पालथं घालून दहा मिनिटं जास्त घ्या, आणि त्याचं तोंड डावीकडे वळेल असं बसा. डोक्याला मात्र नुसतं वरवर तेल लावा. दाबून आकार येत नाही. हाडांच्या कडा अजून मोकळ्या असलेल्या डोक्यावर जोर लावणं मला अजिबात मान्य नाही. नाकाकानात तेल घालणंही नको.

राईच्या उशीबद्दल सासूबाईंशी प्रेमानं पण ठाम बोलावं लागेल. ती उशी डोक्याला खळगा करून धरून ठेवते. तुझ्या बाळाला नेमकं उलटं हवंय, डोकं दोन्हीकडे मोकळेपणानं वळायला हवंय. दुसरं, मऊ उशीत नाक-तोंड दबून गुदमरण्याचा धोका असतो. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२मध्ये दिला. बाजारात मध्ये भोक असलेल्या फोमच्या उशा मिळतात त्याही त्यातच आल्या. सासूबाईंना दुसरं काम दे. त्यांनी रोज संध्याकाळी बाळाच्या डाव्या अंगाला बसून गाणी म्हणावीत. आजीच्या आवाजाकडे वळायला बाळाला कोणी शिकवावं लागत नाही, आणि दिवसातला तेवढा वेळ मान योग्य बाजूला वळते.

आता हेल्मेट. ते डोकं दाबत नाही. वाढीला दिशा देतं, वेलाला मांडव देतात तसं. फुगीर भागाला ते टेकतं, सपाट भागावर जागा मोकळी ठेवतं, आणि बाळाची स्वतःची वाढ त्या जागेत सरकते. त्यासाठी दिवसाचे २३ तास, तीन-चार महिने किंवा अधिक काळ ते घालावं लागतं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बसवून घ्यावं लागतं. म्हणजे तुम्हाला पुण्याच्या फेऱ्या. शिवाय अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. आत्ता लावलं तरी उन्हाळा चुकत नाही, सहा आठवड्यांनी लावलं तरी चुकत नाही. घाम, वास, त्वचा लाल होणं या नेहमीच्या तक्रारी आहेत. निर्णय घेताना हे सगळं खर्चाइतकंच धरायचं.

उपयोग किती? नेदरलँड्समध्ये यावर एक चाचणी झाली आणि २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. मध्यम ते जास्त सपाट डोक्याची पाच-सहा महिन्यांची ८४ बाळं घेतली. अर्ध्यांना सहा महिने हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही. दोन वर्षांच्या वयाला पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत साधारण चौथ्या हिश्श्याची डोकी पूर्ण सारखी झाली होती, २६ आणि २३ टक्के. हा फरक जवळजवळ नाहीच. पण ही चाचणी दाखवून तुझ्या बहिणीशी भांडू नकोस. त्यात मान आखडलेली बाळं घेतलीच नव्हती, फार वाकडी डोकीही वगळली होती, आणि हेल्मेट नीट बसत नसल्याच्या तक्रारी बऱ्याच होत्या. दुसऱ्या पुष्कळ अभ्यासांत हेल्मेटनं सुधारणा लवकर झालेली दिसते. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन मंडळींच्या संघटनेनं २०१६ साली यावर मार्गदर्शन काढलं, त्यातला क्रम मला पटतो: आधी डोकं टेकण्याची बाजू बदलणं, त्याहून प्रभावी फिजिओथेरपी, आणि त्यानंतरही मध्यम किंवा जास्त वाकडेपणा राहिला तर हेल्मेट. टेक्सासच्या भाचीला त्या टप्प्यावर लावलं असेल तर तिच्या आईबापांनी काही चुकीचं केलं नाही.

तुझ्या कागदावरचा आकडा आता वाचू. डोक्याचे दोन तिरपे व्यास मोजून त्यांच्यातल्या फरकाची ही टक्केवारी आहे. बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी मोजपट्टी अटलांटाच्या मुलांच्या रुग्णालयातून आलेली आहे. तिच्यात ३.५च्या आत सामान्य, त्यापुढे ६.२५पर्यंत सौम्य, ६.२५ ते ८.७५ मध्यम, आणि त्यापुढे गंभीर. तुझं बाळ ७.१वर आहे, म्हणजे मध्यम. सौम्याची हद्द फार लांब नाही. चार-साडेचार महिन्यांच्या बाळाची मान मोकळी झाली आणि ते पालथं पडू लागलं, की हा आकडा खाली येताना मी अनेकदा बघितला आहे. सहा महिने पूर्ण होताना त्याच यंत्रावर पुन्हा स्कॅन करून घे. दुसरीकडे मोजलं तर तुलना करता येणार नाही. आकडा ६च्या खाली आला असेल तर हेल्मेट विसरून जा आणि हेच चालू ठेव. ७च्या आसपासच अडकला असेल, तर दोन्ही रस्ते रास्त आहेत. तेव्हा घरची परिस्थिती, प्रवास, उन्हाळा आणि तुमचं मन बघून ठरवा. न लावायचं ठरलं म्हणून तू कमी आई ठरत नाहीस. आणि ८.७५च्या पुढे गेला असेल, मान तपासून व्यायाम करूनही, तर मी स्वतः हेल्मेट लावायला सांगेन. तेव्हा पाटल्यांचा विचार कर. त्याआधी विम्यात काही बसतं का ते लेखी विचारून घे, आणि किती भेटी, दुसरं हेल्मेट लागलं तर त्याचे वेगळे पैसे का, हेही केंद्राकडून लिहून घे. मान तपासल्याशिवाय कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नकोस.

मधल्या काळात दर दोन आठवड्यांनी न्हाऊ घातल्यावर, केस ओले असताना, अगदी वरून एक फोटो काढ. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही.

मेंदूचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. डोकं असं सपाट झाल्यानं आतल्या मेंदूवर दाब येत नाही, तो वाढत राहतो. मध्यम आणि जास्त सपाटपणा असलेल्या काही मुलांची हालचाल किंवा शिकणं सरासरीनं थोडं मागे असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण सपाट डोक्यामुळे ते होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. कमी हालणारं, मान न वळवणारं बाळ एका जागी जास्त टेकतं, हा उलटा संबंधही तितकाच शक्य आहे. म्हणून माझा आग्रह हेल्मेटपेक्षा वाढीच्या टप्प्यांवर लक्ष ठेवण्याचा आहे. मान धरणं, पालथं पडणं, दोन्ही हातांनी वस्तू पकडणं यात मागे पडतोय असं वाटलं, किंवा एकच हात वापरतोय असं दिसलं, तर डॉक्टरांना सांगायचं.

'होईल आपोआप' म्हणणारे डॉक्टर आणि 'केस झाकतील' म्हणणारे तुझे पती पूर्ण चूक नाहीत. बसायला, रांगायला लागलं की टेकणं कमी होतं, आकार सुधारतो, आणि उरलेलं बरंचसं केसांत जातं. पण आखडलेली मान केसांनी मोकळी होत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. पाठीवर झोपवलंस ते बरोबर केलंस. अमेरिकेच्या बालरोग अकादमीनं १९९२ साली बाळांना पोटावर झोपवू नका असं सांगितलं, १९९४मध्ये त्याची देशभर मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आली. त्यानंतर सपाट डोकी जास्त दिसू लागली हेही खरं. कॅनडातल्या कॅलगरीमध्ये सात ते बारा आठवड्यांच्या ४४० बाळांची तपासणी झाली, तेव्हा ४६.६ टक्के बाळांत कमी-अधिक सपाटपणा सापडला. त्यातल्या बहुतेकांचा सौम्य होता, आणि उजवीकडचा जास्त. तुझं बाळ त्या मोठ्या गर्दीतलंच एक आहे. पहिलटकरणीची बाळं आणि मुलगे यांच्यात हे जास्त दिसतं. तुझा मुलगा दोन्हीत बसतो. तू काही बिघडवलेलं नाहीस. रात्री त्याला पोटावर किंवा कुशीवर टेकून झोपवायचा मोह मात्र आता अजिबात होऊ देऊ नकोस. तो स्वतः दोन्हीकडून वळायला लागला आणि झोपेत आपणहून पालथा झाला, तर उठून परत सरळ करायची गरज नाही.

ह्यांना एक काम सांग. फिजिओथेरपिस्टकडे पहिल्या दिवशी ते सोबत यायला हवेत आणि व्यायाम त्यांनीही शिकायला हवेत. रात्रीचा एक फेरा त्यांचा. खुळखुळा दाखवून मान बघितल्यावर काय आढळलं आणि खुब्यांचा तपास काय आला, ते मला कळव. दुसऱ्या स्कॅनचा कागद हाती आला की त्याची प्रतही पाठव, त्यावरचे आकडे आपण मिळून बघू.